कोप्यांपुढची मेथी

बाई,

मला नावाने हाक मार, असं तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात आणि मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. आईच्या वयाच्या बाईला नावाने कशी हाक मारायची? गावाने तुम्हाला मडम केलं, मी बाई म्हणत राहिले, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आज लिहायला बसले तर हाताने तेच लिहिलं. तुमच्या पुतणीने कळवलं, तेव्हा तुम्हाला जाऊन बरेच महिने होऊन गेले होते. शेवटी शेवटी तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती आणि तुम्ही मधूनच कुठल्या तरी भाषेत बोलायचात, ती तिथे कुणालाच कळायची नाही, असं तिने लिहिलं होतं. ते मराठी असेल का, असंही विचारलं होतं. मी काय सांगणार? नंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात तेच. तुम्ही खाटेवर पडून मराठीत काही मागत असाल, पाणी असेल, उशी असेल, आणि भोवतीच्या नर्सा नुसत्या हसून मान हलवत असतील. तुमचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं, एवढं एकच काम मी तुमच्यासाठी केलं होतं. नेमकं ते करायची वेळ आली तेव्हा मी इकडे सांगलीत पोरांचे डबे भरत होते.

तुम्ही आमच्या गावात आलात तो दिवाळीआधीचा उन्हाचा दिवस मला आजही दिसतो. पलूसच्या स्टँडवर तुम्हाला घ्यायला महिला मंडळाने मला पाठवलेलं, कारण कुंडलच्या त्या बाजूला इंग्रजीतून बी.ए. झालेली सून मी एकटीच. आमचे हे तेव्हा पलटणीबरोबर उत्तरेला होते, घरात मी आणि सासूबाई दोघीच, लग्नाला बरीच वर्षं होऊन अजून मूल नव्हतं. त्यामुळे दुपारी मोकळी असणारी बाई म्हटली की सगळ्यांना मीच आठवायची. तुम्ही एसटीच्या पायरीवरून उतरलात, एक गुडघा आखडलेला, डोक्यावर कापडी टोपी, पाठीवर पिशवी, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जपून धरलेलं. ती बियाणी होती. घरी आल्यावर सासूबाईंनी तुम्हाला पाणी दिलं आणि मला विचारलं, "कुठली म्हनायची ही?" मी म्हटलं, आयर्लंडची. "लंडनच्या जवळ का?" "जवळच म्हणायचं." "आनि हितं काय करनार?" मी सांगितलं, परसबाग आणि पौष्टिक स्वयंपाक शिकवणार, दोन वर्षं, पगार न घेता. सासूबाई तुमच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आगं, ती काय शिकवनार आमाला भाजी करायला? आमी काय आजवर माती खाल्ली व्हय?" तुम्ही मला विचारलंत, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं, त्यांना फार आनंद झालाय.

थोडं मराठी कानावर पडायला लागल्यावर माझी ही लबाडी तुम्ही पकडलीत. देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या होत्या, तुम्ही बिनतेलाची, बिनतिखटाची उकडलेली भाजी करून सगळ्यांच्या हातावर ठेवली होती, आणि कुणीतरी म्हणालं, "म्हशीला घाला, दूध वाढंल." मंडप हसण्याने फुटला आणि मी तुम्हाला सांगितलं, चव वेगळी आहे म्हणतात. तुम्ही चमचा खाली ठेवलात. "म्हैस हा शब्द मला येतो," तुम्ही इंग्रजीत म्हणालात, "माझ्यासाठी काही गोड करून सांगू नकोस. गोड करून सांगितलंस तर मी चुकीचंच शिकवत राहीन." चारचौघींत बोललात म्हणून मला राग आला. पण त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या चुलीपुढे आखडलेला गुडघा बाजूला पसरून बसलात आणि सासूबाईंना म्हणालात, "शिकवा." त्यांनी तुम्हाला शेंगदाण्याचं कूट घालून मेथी करायला शिकवली. पुढच्या वर्गात तुम्ही तीच केलीत, फक्त तेल निम्मं. बायकांनी पातेलं पुसून खाल्लं.

भाजी लावायची कुठे, हाच प्रश्न होता. आमच्याकडे ऊस घराच्या भिंतीला येऊन टेकलेला. कॅनॉलचं पाणी आल्यापासून बांधसुद्धा कुणी मोकळा ठेवत नव्हतं. माणसं उसाच्या मधोमध राहून पलूसच्या बाजारातून वांगी विकत आणायची. तुम्ही सरपंचांच्या मागे लागून शाळेमागची पडीक जागा मिळवलीत. मोरीचं पाणी चर काढून वाफ्यात सोडलंत. पहिल्या वर्षी शेवगा, पपई, तांदूळजा, अळू असं सगळं आलं आणि शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत टोमॅटो चोरून खायला लागली. तुम्ही खिडकीतून बघायचात आणि त्यांना चोरू द्यायचात. गावात तुमचं चांगलं चाललं होतं, बाई. दुसऱ्या वर्षी गावाजवळ, कारखान्याच्या रस्त्याला, ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहिल्या नसत्या, किंवा राहिल्या तरी तुम्ही तिकडे गेला नसतात, तर तुम्ही समाधानाने घरी गेला असतात, असं मला वाटतं.

कोप्या म्हणजे काय ते पहिल्यांदा मीच तुम्हाला सांगितलं. बीडकडून ऊस तोडायला माणसं येतात, बांबूचे तट्टे आणि पाचट लावून खोपटी उभी करतात, कारखान्याचं गाळप संपलं की जातात. लहानपणापासून, माहेरी आणि इथेही, मी ते दरवर्षी लांबून बघत होते आणि तिथे कधी गेले नव्हते. तुम्ही विचारलंत, "त्यांची मुलं काय खातात?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आपण गेलो. दुपारची वेळ, मोठी माणसं ऊस तोडायला फडात. कोप्यांमध्ये म्हाताऱ्या आणि पोरं. एका कोपीच्या दारात साडीच्या झोळीत एक मुलगी होती. दीड वर्षाची, असं म्हातारीने सांगितलं. तिला अजून नीट बसता येत नव्हतं. डोळे तेवढे मोठे. तुम्ही बोट पुढे केलंत, तिने धरलं आणि सोडेना. तुम्ही तशाच वाकून उभ्या राहिलात, गुडघा दुखत असणार, पण हललात नाही.

मग तो रोजचा रस्ता झाला. ज्वारी आणि मूग भाजून केलेलं पीठ, त्यात कूट, गूळ, अशी पेज आमच्या चुलीवर शिजायची आणि डब्यातून कोप्यांवर जायची. सासूबाई पहिल्यांदा कुरकुरल्या, मग पीठ दळून आणायला लागल्या. मुलगी खायला लागली. तोंडाच्या दोन्ही कडांनी गाळत खायची, तुमच्या साडीवर सांडायची, कारण तोपर्यंत तुम्ही साडी नेसायला लागला होतात, अशी की पदर सतत खाली. एक दिवस आपण पोचलो तर ती बसलेली. कुणी न धरता, जमिनीवर, हातात उसाच्या वाढ्याचं पान. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि ती दचकून रडायला लागली.

तिची आई आपल्याला भेटली ती फडाला सुट्टी होती त्या दिवशी. बावीस-तेवीसची असेल, माझ्याहून लहान. तळहात फाटलेले, कपाळावर मोळ्या वाहून पडलेली खूण. तुम्ही तिला तेलाच्या पत्र्याच्या डब्यात मेथी लावायची कशी ते दाखवलंत. जागा लागत नाही, लवकर येते, मुलीला शिजवून घाल. मी सांगत गेले. ती सगळं नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, मडमला म्हनावं, मेथी चांगली असती ते मला ठावं हाये. मी पहाटं जाती ते दिवस बुडताना येती. चूल पेटवायची का हिला घ्यायचं, तेवढं सांगा म्हनावं." मी ते जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं, काही गोड न करता. तुम्ही डब्यातली माती बोटाने सारखी केलीत. मग म्हणालात, तिला सांग, पेज आम्ही आणत राहू. आणि डबे मात्र लावलेतच. सगळ्या कोप्यांपुढे एकेक. आठवड्यात हिरवे कोंब दिसायला लागले तेव्हा म्हाताऱ्या तुम्हाला हाका मारून दाखवायच्या.

आणि मग एका सकाळी आपण पेज घेऊन गेलो तर कोप्या नव्हत्या. चुलींचे दगड होते, तट्ट्यांच्या खुणा होत्या, थोड्या डब्यांमधली मेथी कुणाची तरी शेळी खात होती. तुम्ही मला विचारत होतात, "कुठे गेले? असे कसे गेले?" रस्त्यावर एक जण सायकलवरून चालला होता, त्याने थांबून सांगितलं, "टोळी हलवली की. इकडचा ऊस सपला. कारखान्याची चिठ्ठी आली का जायचं त्येंनी." कुठे? त्याने हात उडवला. इस्लामपूरकडं असतील, न्हाईतर कराडच्या वर. आपण डबा तसाच घेऊन परत आलो. सासूबाईंनी डबा घेतला आणि पेज म्हशीपुढे ओतली.

तुम्ही शोधायला निघालात. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, हे आपलं काम नव्हे, दरवर्षी येतात आणि जातात. त्या वाईट नव्हत्या, त्यांनी फक्त जे खरं तेच सांगितलं. आपण दोघी एसटीने इस्लामपूरला गेलो, ऊस घेऊन रांगेत थांबलेल्या गाडीवानांना विचारलं, धुळीत हिंडलो, आणि तशाच परत आलो. दोन-तीनदा असं झालं. दरवेळी निघताना सासूबाई भाकरी बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, "आवं मडम, असं किती हुडकनार? लोक काय थोडे हाईत?" शेवटी एका गाडीवानाने सांगितलं, ती टोळी साताऱ्याच्या बाजूला नदीकाठी आहे. आपण पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. नवीन कोप्या, तीच माणसं. एका कोपीपुढे आपला तेलाचा डबा होता, माती काढून टाकलेला, पाण्याने भरलेला. तुम्हाला क्षणभर हसू आलं. "बरोबर आहे," म्हणालात, "पाणी आधी."

मुलगी झोळीत होती. आपण तिला लगेच ओळखलं नाही. हगवण लागून बरेच दिवस झाले होते. बोट पुढे केलं तर तिने धरलं नाही. त्या दिवशी फड जवळच होता, म्हातारीने पोराला पिटाळलं आणि आई धावत आली, मागोमाग बाप. तुम्ही मराठीतच म्हणालात, दवाखाना, आत्ता. बाप म्हणाला, "बाई, तुमचं खरं हाये. पर ही गेली तर माझा कोयता अर्धा व्हतो. नवरा-बायको मिळून एक कोयता असतो आमचा. मुकादम एक दिस ऐकंल, दोन दिस ऐकंल, पुढं?" तो ओरडून बोलत नव्हता. विनवल्यासारखं सांगत होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी सांगितलं, तुम्ही आईकडे बघितलंत. तिने मुलीला झोळीतून काढलं, अंगावरचं फडकं नीट केलं आणि तुमच्याकडे न देता माझ्या हातात दिली. "तुमीच न्या," म्हणाली. मग जरा थांबून, "बरी झाली तर तुमच्याकडंच ठिवता का?"

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते वाक्य तुमच्यासाठी इंग्रजीत करताना माझा आवाज फुटला तो दुःखाने नाही. माझ्या हातात ती होती, वजन नसल्यासारखी, आणि मला हो म्हणायचं होतं. बरी कर रे देवा, म्हणजे मी हिला नेते, असं मी मनात म्हटलं. तुम्ही मात्र जमिनीकडे बघत म्हणालात, "आधी बरी होऊ दे."

साताऱ्याच्या त्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, त्यांनी जिवापाड केलं. हाताची शीर मिळेना म्हणून पायाला सलाईन लावलं. तुम्ही खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. तुम्ही तिला तुमच्या भाषेतलं एक गाणं म्हणत होतात, इंग्रजी नाही, तुमच्या आजीची ती जुनी भाषा, आणि वॉर्डातल्या बायका आपल्या पोरांना गप्प करून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले, चमच्याने पेज घेतली, थोडीच, पण ओकली नाही. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मी चहा आणायला खाली गेले. दुपार व्हायच्या आत ती गेली. काही झालं नाही, रडली नाही, आचका नाही. श्वास घेत होती आणि मग घेत नव्हती. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता. तुम्ही तिचं तोंड पुसत राहिलात, ओल्या फडक्याने, पुन्हा पुन्हा, शेवटी सिस्टरने तुमचा हात धरला.

तिची आई तिसऱ्या प्रहरी आली. कारखान्याकडून परत निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून, कमरेला पदर खोचलेला, तशीच. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दारातून तिने आपल्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती रडेल म्हणून मी पुढे झाले. ती खाटेपाशी गेली, मुलीच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "खाल्लं व्हतं का तिनं काय?"

मी तुमच्याकडे वळले, सांगायला. पण तुम्हाला कळलं होतं. तुम्ही आमच्या गावच्या बोलीत, माझ्याशिवाय, म्हणालात, "व्हय. पेज खाल्ली. सकाळी."

"मग बरं," ती म्हणाली.

बाप बाहेर झाडाखाली बसला होता. मुकादमाचा एक माणूस बरोबर होता. नदीकाठी जागा बघून त्यांनी तिला मातीआड केलं. आपण लांब उभ्या होतो, कारण जवळ जायचं की नाही हे आपल्याला कळत नव्हतं. आई परत निघताना तुमच्याजवळ आली आणि तुमचा खाली आलेला पदर उचलून तिने खांद्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ती फडात असणार. आपण दोघी एसटीत बसलो आणि कराड मागे पडलं. मग तुम्ही म्हणालात, "मी इथे शिकवायला आले. तिला काय येत नव्हतं, ते मला सांग."

त्यानंतर तुम्ही तुमच्या खोलीतून निघतच नव्हतात. वर्ग बंद. वाफ्यात तण माजलं. तेव्हा सासूबाई ताट वाढून घेऊन गेल्या, दार ढकललं आणि तुमच्यासमोर फतकल मारून बसल्या. "मडम, जेवा. उपाशी ऱ्हाऊन काय हुतंय का? तुमी केलंसा ना जमंल तेवढं?" तुम्ही म्हणालात, जमलं नाही. "न्हाई जमलं," सासूबाई म्हणाल्या, "आमालाबी न्हाई जमत. जेवा." आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तुमच्या हातात दिला. तुम्ही जेवलात, रडत, आणि मीठ कमी आहे असं म्हणालात, आणि सासूबाई उठून मीठ घेऊन आल्या.

पावसाळ्याआधी तुम्ही गेलात. मुदत संपत आली होती, वाढवून मिळाली असती, तुम्ही मागितली नाही. स्टँडवर तुम्ही मला उरलेली बियाणी दिलीत, सासूबाईंसाठी. त्यांनी ती लावली. तुमच्याकडची ती कुरळ्या पानांची कोबीसारखी भाजी जोमात आली, कुणाला आवडली नाही, म्हशीने आनंदाने खाल्ली. तुम्हाला पत्रात हे लिहिलं होतं, तुम्हाला फार हसू आलं म्हणून तुम्ही कळवलं होतं. शाळेमागच्या जागेवर आता खोल्या झाल्यात. मला पुढे दोन मुलं झाली. सासूबाई गेल्या. मी अंगणवाडीत लागले आणि आता पर्यवेक्षिका आहे. बायकांना परसबाग सांगते, कूट घालून मेथी सांगते, तेल निम्मं. गाळप सुरू झालं की कोप्यांवरच्या मुलांची वजनं घ्यायचं कामही माझ्याकडे असतं. टोळी हलली की ती मुलं माझ्या हद्दीबाहेर जातात. मी पुढच्या तालुक्याला फोन करते. कधी कुणी उचलतं.

आजही कोप्यांवर जाऊन आले, म्हणून हे लिहायला बसले. तुमच्या पुतणीकडे पाठवलं तरी ती वाचणार कशी, आणि तुम्ही असतात तरी तुम्हाला बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. तेव्हा हे इथेच राहील. एक गोष्ट फक्त सांगते, ऑफिसात कुणाला माहीत नाही. आया घरी सापडतील अशा वेळी, सकाळी नाहीतर संध्याकाळी जायचं, असं कागदावर आहे, पण मी कोप्यांवर दुपारीच जाते, ठरवून. त्या वेळी त्यांच्या आया फडात असतात, आणि पोर माझ्या हातात देऊन "ठिवता का" असं कुणी विचारत नाही.